सरांच्या तोंडचे शब्द

जड वस्तूंवर माझा पहिल्यापासून राग. माहेरहून आलेली पितळी घागर मी वर्षभरात भाचीच्या लग्नात देऊन मोकळी झाले. जरीची साडी नको, शिसवी कपाट नको, आणि हुद्द्याच्या ओझ्यानं वाकलेली माणसं तर दारातही नकोत. संगणकाच्या बाबतीत हा राग मी व्रतासारखा पाळला, आणि एकदाच, फक्त सरांसाठी, मोडला.

सर म्हणजे माझे यजमान, भरतेश नेजकर. जयसिंगपुरात गल्ल्यांना नंबर असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांची ‘आदर्श टायपिंग इन्स्टिट्यूट’ होती. मी तिथं शिकवायला लागले तेव्हा सगळ्यांसारखी त्यांना सर म्हणायचे. लग्नानंतरही जिभेला दुसरं वळण लागलं नाही. सासूबाई वैतागायच्या, “अगं त्रिशला, नवरा आहे की हेडमास्तर?” सर नुसते हसायचे. ‘हो’, ‘नको’, ‘बघू’ आणि मी फार बडबडले की ‘गप’, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

इन्स्टिट्यूटमधले संगणक जुने होते, पण धडधाकट. एका सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर एकच सूचना आली: ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही, आणि जुन्या आवृत्तीला यापुढे संरक्षण मिळणार नाही. मी संतापले. बैल औताला नीट चालतोय, आणि कासरा विकणारा येऊन सांगतोय की तुमचा बैल म्हातारा झाला!

तेव्हा आमची जुनी विद्यार्थिनी सुप्रिया मगदूम इंजिनिअरिंगला होती. ती पेनड्राइव्ह घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, यंत्र बिघडलेलं नाही. ह्याच्या डोक्यावर बसलेली सिस्टिम जाड झालीय. ती उतरवू, हलकी बसवू.” कीबोर्ड, पडदा, स्मरण या सगळ्यांना जागं करून कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था, ती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, एवढं मला ठाऊक होतं. पण ती कुणाच्याही मालकीची नसू शकते, तिची आतली वीण कुणीही उघडून बघू शकतं, उसवू शकतं, बदलून शेजाऱ्याला देऊ शकतं, हे मला नवीन होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरापोरींनी मिळून एक अगदी हलकी सिस्टिम बांधली होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘चुरमुरे’. पोतंभर घेतलं तरी खांदा दुखत नाही, म्हणून.

मला नादच लागला. पहिल्या महिन्यात दोन संगणक माझ्या हातून बंद पडले, तिसरा मी स्वतः उठवला. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या, नको ते एकेक काढून टाकायचं, आणि यंत्र हुशारल्यासारखं पळताना बघायचं. सर दारातून विचारायचे, “आज काय काढलंस?” मी म्हणायचे, “तुमची छपाईची सोय.” ते म्हणायचे, “बघू.” मग दोन दिवसांनी ती परत बसवावी लागायची. ज्या पेटीचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती पेटी आपली नव्हे, आपण तिचे भाडेकरू, असं मी येईल त्याला ऐकवायला लागले. आमचा मुलगा संमेद तेव्हा कॉलेजात होता. तो मित्रांना सांगायचा, “मम्मीसमोर कंपनीच्या सिस्टिमचं नाव काढू नका, पोहे मिळणार नाहीत.”

सरांना या कशात रस नव्हता. दिवसभर मुलांच्या बोटांकडे बघून आलेला हा माणूस घरी फोनला हातसुद्धा लावत नसे. त्यांचा फोन मीच बघायचे. कुणाचा वाढदिवस, कुणाचं दुःख, कुणाला नोकरी लागली, सर म्हणायचे, “कळव काहीतरी.” मी त्यांच्या नावानं लिहायचे. पुढे संमेद बंगळूरला नोकरीला गेला, तेव्हा त्यालाही रोज पप्पांचा मेसेज जायचा, तो माझाच. माझ्या फोनवरून मी त्याला दटावायचे, गॅस बंद केलास का, रविवारी आंघोळ केलीस का. सरांच्या फोनवरून मात्र मला वेगळंच सुचायचं. नातेवाईक म्हणायचे, भरतेशअण्णा बोलत नाहीत, पण लिहितात काय सुंदर! आम्ही दोघं यावर खूप हसायचो. कित्येक घरांत असंच चालतं, त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

मग सरांची बोटं जायला लागली.

सुरुवात उजव्या करंगळीपासून झाली. टायपिंग शिकवणाऱ्या माणसाची करंगळी! मिरजेच्या डॉक्टर आफरीन मुजावर यांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार आहे. मेंदूतून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. हात गेले, पाय गेले, वर्ष-दीड वर्षात जीभ जड झाली आणि एक दिवस ‘गप’ हा शब्दही त्यांना म्हणता येईना.

त्या वेळी ‘सहवाणी’ नावाच्या एका कंपनीचं यंत्र नुकतंच निघालं होतं. त्याची कल्पना सांगायला सोपी आहे. आपण बोलतो तेव्हा मेंदूच्या एका पट्टीतून ओठांना, जिभेला, जबड्याला हुकूम सुटतात. आजारी माणसात हुकूम सुटतो, पण वाटेतच विरतो. सहवाणीवाले कवटीखाली, मेंदूच्या त्या पट्टीवर, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी ठेवायचे. ती जाळी सुटतानाच हुकूम पकडायची आणि उशाशी ठेवलेल्या एका छोट्या पेटीकडे पाठवायची.

पण मेंदूतला हुकूम काही स्वच्छ ऐकू येत नाही. प, ब, म म्हणताना ओठ एकसारखेच मिटतात; जाळीला कळतं की ओठ मिटले, अक्षर कुठलं ते नीट कळत नाही. म्हणून पेटीमागे दुसरा भाग असायचा, कंपनीच्या सर्व्हरवर. तो अंदाज बांधायचा. समोरच्यानं काय विचारलं तेही तो ऐकायचा, या माणसाची बोलण्याची ढब काय आहे ते बघायचा, आणि सगळं जुळवून वाक्य तयार करायचा. ते वाक्य मग त्या माणसाच्याच आवाजात उमटायचं.

कंपनीनं आमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, सरांचा जुना आवाज. तो भरपूर होता, कारण वेगाच्या सरावासाठी सर उतारे वाचून रेकॉर्ड करायचे. दुसरी गोष्ट, त्यांचं लिखाण. ढब कळावी म्हणून. संमेदनं विचारलं, “मम्मी, काय देऊ?” मी म्हटलं, “सरांचा फोन दे की सगळा. दहा वर्षांचं आहे त्यात.” आणि आम्ही तो दिला. ती पेटी पूर्ण बंद होती, तिच्या आत काय चालतं ते बघायची सोय नव्हती, हे मला माहीत होतं. पण सर बोलणार होते. तेवढ्यासाठी मी हत्तीसुद्धा घरात बांधला असता.

पहिला शब्द आला तेव्हा घरात सगळे होते. सर म्हणाले, “पाणी.” त्यांच्याच आवाजात. संमेद लहान मुलासारखा रडला.

त्यानंतरची तीन वर्षं, खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. सर दिवसेंदिवस जास्त बोलायला लागले. आजार वाढत होता, आणि बोलणं खुलत होतं. सकाळी मी त्यांना पुसून घेतलं की म्हणायचे, “त्रिशला, किती करतेस माझ्यासाठी. दमतेस गं.” रविवारी संमेदचा फोन आला की तासतास गप्पा. त्याच्या ऑफिसातलं राजकारण ऐकून घ्यायचे, धीर द्यायचे. “मला तुझा अभिमान आहे,” म्हणायचे. संमेद मला म्हणाला, “मम्मी, पप्पा धडधाकट होते तेव्हा माझ्याशी इतकं कधीच बोलले नाहीत.” मी म्हटलं, “दुखण्यानं माणूस मऊ होतो.”

पर्युषणानंतर क्षमावली येते. त्या दिवशी आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. धडधाकट असताना सर मंदिरात सगळ्यांना एकदम हात जोडायचे आणि घरी निघून यायचे. आता नातेवाईक मुद्दाम घरी येऊ लागले, सरांच्या तोंडून ऐकायला. “कळत-नकळत माझ्या हातून तुमचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा,” असं प्रत्येकाला निराळ्या शब्दांत सर म्हणायचे. बायका पदरानं डोळे टिपायच्या. सर त्या वेळी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. सगळे म्हणायचे, अण्णांना गहिवरून आलं.

त्या थंडीत सरांचा श्वास तोकडा पडायला लागला. डॉक्टर मुजावर घरी आल्या. पलंगाशी खुर्ची ओढून त्यांनी सरांना सरळ सांगितलं, “सर, महिन्या-दोन महिन्यांत तुमचा श्वास पुरणार नाही. गळ्याला छिद्र पाडून यंत्रावर ठेवता येईल. त्यावर काही वर्षं निघतील, पण मग ते यंत्र सुटायचं नाही. नको असेल तर त्रास होऊ नये म्हणून औषधं आहेत. हे तुम्हीच ठरवायचं. मॅडमनी नाही, संमेदनं नाही.”

सरांचा आवाज आला, “डॉक्टर, मला जगायचंय. त्रिशलाला एकटं टाकून कसा जाऊ? संमेदचं लग्न बघायचंय.”

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर सरांच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात कंपनीची सूचना आली. आमच्याकडची पेटी जुनी झाली होती. पुढच्या महिन्यापासून तिला सेवा मिळणार नव्हती. नवी पेटी घ्या, सगळा कारभार सर्व्हरवरून चालेल, अनुभव अधिक समृद्ध होईल. संमेद म्हणाला, “आजच मागवतो.” मी सूचना पुन्हा वाचली आणि माझा जुना राग उफाळून आला. पेटी ठणठणीत होती. पुन्हा तेच, बैल म्हातारा झाला!

सुप्रिया आता पुण्यात असायची, पण चुरमुऱ्यांचं काम तिनं सोडलं नव्हतं. तिला फोन केला तर म्हणाली, “मॅडम, आमच्यातल्याच काही जणांनी ह्या पेट्यांसाठी चुरमुरे केलेत. ज्यांच्या घरी असे पेशंट आहेत त्यांनीच. जाळीशी बोलणारा भाग सगळा उघडा आहे. मी येते की.”

ती आली, सरांच्या पाया पडली, पलंगाशेजारी लॅपटॉप उघडून बसली. काम सुरू करण्याआधी म्हणाली, “एक सांगते. तो अंदाज बांधणारा भाग ह्यात नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तो आपल्याला मिळत नाही आणि ह्या छोट्या पेटीत मावतही नाही. सर जेवढं म्हणतील तेवढंच दिसंल. पेटीची खात्री होईपर्यंत पडदा कोरा राहील.”

“मग बरंच की,” मी म्हटलं. “फापटपसारा हवाय कुणाला?”

जुनी सिस्टिम उतरली, नवी बसली. पडद्यावर पांढरी पट्टी आली. मी सरांच्या समोर वाकले. “अहो सर, बोला की आता. मोकळं बोला. ही आपली पेटी आहे.”

पट्टी कोरीच राहिली. मी वाट बघितली. पुन्हा म्हटलं, “सर, ऐकू येतंय ना? सुप्रिया आलीय. तिला काहीतरी म्हणा.” काही नाही. मला वाटलं काहीतरी चुकलं. सुप्रिया तारा तपासत होती, जाळीकडून येणारे संकेत बघत होती. तिचा चेहरा उतरत गेला.

“मॅडम,” ती म्हणाली, “जुन्या सिस्टिमची नोंद पेटीत शिल्लक आहे. जाळीकडून काय आलं आणि बाहेर काय बोललं गेलं, दोन्ही. उघडू का?”

तिनं मला जे दाखवलं ते मी इथं साध्या शब्दांत सांगते. मेंदू परक्या वस्तूवर हळूहळू साय धरतो. जाळीवरही ती धरली होती. आजारानं हुकूमही क्षीण होत गेले होते. पहिल्या वर्षी बाहेर पडलेल्या शब्दांपैकी बहुतेक सरांचे होते. दुसऱ्या वर्षी निम्मे. मग जाळीकडून जसजसं कमी येत गेलं तसतसा अंदाज बांधणारा भाग भर घालत गेला, आणि किती भर घातली ते सांगायची त्याला कुणी सक्तीच केली नव्हती. शेवटच्या काही महिन्यांत शंभरातला एखादा शब्द सरांचा असेल तर असेल. मी विचारायचे, ते ऐकून यंत्रच उत्तर द्यायचं, सरांच्या आवाजात, सरांच्या ढबीत.

डॉक्टरांना दिलेलं उत्तर तिनं उघडलं. ‘मला जगायचंय, त्रिशलाला एकटं टाकून कसा जाऊ.’ त्या वाक्याखाली जाळीकडून आलेलं असं जवळजवळ काहीच नव्हतं.

“मग हे एवढं बोललं कोण?” मी विचारलं.

“त्याला शिकवायला तुम्ही सरांचं लिखाण दिलं होतं ना? त्या ढबीनं ते बोलत होतं.”

सरांचं लिखाण! त्या फोनमधली एकही ओळ सरांनी लिहिलेली नव्हती. ‘किती करतेस, दमतेस गं’ हे सर म्हणतील असं मला वाटायचं, म्हणून मी त्यांच्या नावानं नात्यातल्या बायकांना तसं लिहायचे. इतके दिवस माझा नवरा माझ्याशी माझ्याच शब्दांत बोलत होता, आणि मी लाजत होते, सुखावत होते. आणि तो माणूस त्या आवाजाच्या मागे पडून होता. क्षमावलीला तो डोळे मिटायचा तेव्हा गहिवरून नव्हे. त्याच्याकडे मिटण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मला रडू आवरेना. रडताना मी काय काय बोलले ते आठवत नाही. तुम्ही सांगितलं का नाही, डोळ्यांनी तरी खुणावायचं, मी मूर्ख, मला कळायला नको का, असं काहीबाही. सुप्रियानं माझ्या खांद्याला हात लावला आणि पडद्याकडे बोट केलं.

पट्टीवर एक शब्द आला होता. ‘गप.’

मी रडता रडता हसले. गेल्या दोन वर्षांत त्या यंत्रानं मला एकदाही गप म्हटलं नव्हतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचे दिवस आम्ही पहिल्यापासून शिकलो. सरांना एक शब्द म्हणायला अर्धी सकाळ जायची; तोच शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणावा लागायचा, तेव्हा पेटीची खात्री पटायची. ‘खाज’ असं आलं तेव्हा कुठं ते शोधायला मला घटका लागली. डाव्या कानामागे. मी खाजवलं आणि सरांचे डोळे सैल झाले. किती दिवसांची होती ती खाज कुणास ठाऊक. यंत्र म्हणत होतं, मी मजेत आहे. ‘पंखा’ असं आलं, म्हणजे बंद कर. ‘दिवा.’ ‘पाय.’ एकदा ‘सुप्रिया’ असं पूर्ण आलं, तेव्हा ती पोर अंगणात जाऊन रडून आली.

डॉक्टर मुजावरांना मी बोलावून घेतलं आणि सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, “मला त्या दिवशी वाटलं होतं, सरांचे डोळे काहीतरी निराळं सांगतायत. पण आवाज इतका स्पष्ट होता.” त्यांनी मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं, कारण माझं तोंड बघून सरांनी उत्तर द्यायला नको. दार उघडं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

“सर, गळ्यातून नळी घालून यंत्रावर ठेवू का?”

बराच वेळ गेला. मग डॉक्टरांचा आवाज, “‘नको’ आलंय.”

त्यांनी प्रश्न उलटा केला. “नळीशिवाय राहायचं, श्वास संपेल तेव्हा संपू द्यायचा, हे तुम्हाला मान्य आहे?” पुन्हा बराच वेळ. “‘हो.’” पापण्यांनीही त्यांनी विचारून घेतलं. दोन दिवसांनी परत आल्या, दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आल्या, त्याच क्रमानं विचारलं. उत्तर बदललं नाही.

मी आत गेले. खरं सांगते, मला त्या क्षणी तो जुना आवाज हवासा वाटला. त्या आवाजातला माणूस मला एकटं टाकून जायला तयार नव्हता. मी सरांना विचारलं, “माझं काय?” हा प्रश्न विचारायला नको होता. दुपार कलायला लागली तेव्हा पट्टीवर शब्द आला. ‘दमलो.’

संमेद दुसऱ्याच दिवशी आला. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी तो आल्या आल्या पलंगाशी बसून म्हणाला, “पप्पा, मी आलोय.” पट्टी कोरी. त्यानं किती तरी वेळ वाट बघितली. मग उठून स्वयंपाकघरात आला.

“मम्मी, ते परत लाव.”

“बाळा, ते सर नव्हते.”

“मला काय करायचंय? माझ्याशी बोलायचे ते. दर रविवारी बोलायचे. तुझ्या त्या चुरमुऱ्यांपायी तू पप्पांना गप्प केलंस. तुला तेवढंच येतं, एकेक काढून टाकायचं! आणि आता म्हणतेस, नळी पण नको.”

“नळी नको असं सर म्हणतायत. मी नाही. विचार जा त्यांना.”

“आणि ‘मला तुझा अभिमान आहे’ असं म्हणाले, ते? ते कोण म्हणालं?”

मी गॅस बंद केला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “ते माझं वाक्य आहे संमेद. पप्पांच्या फोनवरून तुला जायचं ते सगळं मी लिहायचे. तुझ्या पहिल्या नोकरीपासून. यंत्र त्यावरूनच शिकलं.”

त्याचा राग ओसरला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. “मग तू स्वतःच्या नावानं मला कधी असं का नाही म्हणालीस?” त्यानं विचारलं. “तुझ्या फोनवरून मला फक्त गॅस आणि आंघोळ यायची.”

आईनं दटावायचं आणि बापानं पाठीवर हात ठेवायचा, असं कुणी तरी ठरवलेलं असतं. बाप ठेवत नव्हता म्हणून त्याच्या वाटचंही मीच करत होते. हे त्याला सांगायला हवं होतं. मी नुसता त्याच्यापुढे चहा ठेवला. तो त्यानं घेतला नाही.

तो राहिला मात्र. सरांच्या उशाशी बसायचा, काही विचारायचा नाही. एकदा पट्टीवर ‘संमेद’ असं आलं. तो धावत पुढे झाला, “काय पप्पा? काय?” त्यापुढे काही आलं नाही. सर त्याच्याकडे बघत होते, एवढंच. मला ते पुरेसं वाटलं. त्याला नाही वाटलं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तीन वर्षं त्याला पोटभर मिळत होतं.

माघ संपता संपता एका दुपारी सर गेले. डॉक्टर मुजावर सकाळपासून घरी होत्या. औषधांनी त्यांनी घुसमट होऊ दिली नाही. श्वास उथळ होत गेला, मग लांब लांब येत गेला, मग आलाच नाही. माझा हात सरांच्या हातात होता. पट्टी त्या दिवशी सकाळपासून कोरी होती. मी पेटी बंद केली.

सुप्रियानं विचारलं, नोंदी चुरमुऱ्यांच्या लोकांना देऊ का, दुसऱ्या पेशंटांना उपयोग होईल. मी म्हटलं, सगळं दे. आता नव्या आवृत्तीत एक सोय आहे, बोललेल्या प्रत्येक वाक्याखाली त्यातलं माणसाचं किती आणि यंत्राचं किती ते दिसतं. सोलापूरच्या एका बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, तुमच्यामुळं आमच्या मालकांचा खरा शब्द कळला. मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवल्यावर मला त्या बाईंची फार काळजी वाटली.

संमेद बंगळूरला परत गेला. कंपनीचं खातं त्याच्या नावावर होतं, ते त्यानं बंद केलं नाही. पेटी नसली तरी सरांचा आवाज आणि अंदाज बांधणारा भाग सर्व्हरवर होताच, फोनवरून बोलता येत होतं. जाळीकडून आता काही येत नव्हतं, पण ते आधीही येत नव्हतंच. तो दर रविवारी पप्पांशी बोलतो, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. मी त्याला काही म्हटलं नाही.

मी वेगळं काहीतरी करायचं ठरवलं. एका संध्याकाळी माझा स्वतःचा फोन घेऊन बसले. बोटं आजही चांगली चालतात, पण दोन ओळींना बराच वेळ लागला. ‘संमेद, तुझी आठवण येते. तू पप्पांजवळ राहिलास, मला फार बरं वाटलं. मला तुझा अभिमान आहे. मम्मी.’ पाठवून दिलं.

लगेच त्याचा फोन. आवाज घाबरलेला. “मम्मी, बरी आहेस ना तू? काय झालंय?”

“काही नाही रे. सहज लिहिलं.”

“असं कधी लिहीत नाहीस तू. छातीत वगैरे दुखतंय का? शेजारच्या काकूंना पाठवू?”

“अरे नको. मला म्हणायचं होतं, म्हणून म्हटलं.”

तो हळू आवाजात, मला समजावल्यासारखा म्हणाला, “एकटी पडलीस तू. थांब, ठेवू नकोस फोन. पप्पांना जोडतो.”

मी नको म्हणायच्या आत ते जोडलं गेलं. “त्रिशला,” सरांचा आवाज आला, उतारा वाचताना असायचा तसा भरदार, “जेवलीस का?”

बाहेर अंधार पडला होता. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. सरांनी जन्मात कधी या वेळी हा प्रश्न कुणाला विचारला नसता. हा प्रश्न संमेदसाठीचा होता. बंगळूरला तो रात्री जेवायचा, म्हणून रोज दिवेलागणीला सरांच्या फोनवरून मी तो त्याला पाठवायचे. आज दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि आता उद्या सकाळपर्यंत काही जाणारही नव्हतं.

पलीकडे संमेद श्वास रोखून ऐकत होता. ते मला स्पष्ट कळत होतं.

“हो,” मी म्हटलं, “जेवले.”

“छान,” सर म्हणाले. “स्वतःला जप. किती करतेस सगळ्यांसाठी.”

आणि संमेद रडत रडत म्हणाला, “बघ मम्मी, मी सांगत होतो ना तुला.”